कानामागून आलेला लेफ्टनंट

"सर, नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहे, गाव खटाव तालुक्यात. बारावी झाल्या झाल्या बेळगावला भरती झालो. आज नोकरी १६ वर्षं, वय ३४. काश्मीर झालं, ईशान्य झालं, एक टेन्युअर सियाचिन ग्लेशियर. मागच्या वर्षी आमच्या कंपनीत नवे लेफ्टनंट साहेब आले. वय २३, बी.टेक. ज्या पोस्टवर मी थंडीच्या रात्री काढल्या त्या पोस्टबद्दल ते मला नकाशावर बोट ठेवून सांगतात. वर 'उस्ताद, तुम्ही सांगा, काय करूया' असंही विचारतात. ही चेष्टा असते की काय तेच कळत नाही. माझ्याच सेक्शनमधला, माझ्याहून एक पायरी खालचा, एक नाईक मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतोय आणि पोरं म्हणतात, डीपीसीला, म्हणजे बढतीच्या बोर्डात, तो तुमच्या पुढे जाणार. मेहुणा म्हणतो, डिग्री नाही म्हणून तू खाली राहिलास. अमेरिकेत कॉलेज केलं की सार्जंट व्हायला पॉइंट मिळतात, असा एक व्हिडिओही त्याने पाठवलाय. आमचे सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख साहेब, म्हणतात, एससीओचा फॉर्म भर, रांगेतून ऑफिसर होशील. बायको म्हणते, पेन्शनपुरती नोकरी झालीय, घरी या. वरच्या पायरीची, नायब सुभेदारीची वाट बघू, बी.ए. करू, की ऑफिसरकीच्या मागे लागू? आणि खरं सांगा, फौजेत कागद मोठा की केलेलं काम?"
— एक हवालदार

प्रिय हवालदार,

पत्रात चार वेगवेगळे प्रश्न तुम्ही एकत्र कालवले आहेत, म्हणून तोंडाला चव राहिलेली नाही. लेफ्टनंटचा प्रश्न वेगळा, डीपीसीचा वेगळा, एससीओचा वेगळा आणि बी.ए.चा तर अगदीच वेगळा. माझं मत आधी सांगतो. एससीओचा फॉर्म भरा, आणि याच वेळी भरा. बी.ए. करा, पण डीपीसीसाठी म्हणून करू नका. लेफ्टनंट साहेबांबद्दल जे मनात धरून बसला आहात ते सोडा, कारण त्याचा तोटा फक्त तुम्हालाच होतोय. का, ते पुढे.

हे सांगणारा माणूस कोण तेही माहीत असू द्या. मी आर्मी एज्युकेशन कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या कोअरमध्ये पदवीधराला थेट हवालदार म्हणून घेतात. तुम्हाला जे तीन फीत लावायला इतकी वर्षं घासावं लागलं, ते मला डिग्रीच्या जोरावर पचमढीचं ट्रेनिंग संपताच मिळाले. मग पलटणीत पाठवलं. तिथले जुने नाईक माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे ती नजर तुमच्या पत्रात मला ओळीओळीत दिसली. त्यांच्या लेखी मी कागदी हवालदार होतो, आणि त्यांची त्यात फार चूकही नव्हती. पुढची सगळी नोकरी मी अशाच माणसांना नकाशा वाचायला शिकवण्यात घालवली. दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लेलं आहे.

आधी डीपीसी, कारण पोरांनी तुमच्या डोक्यात भलतंच भरवलंय. हवालदाराचा नायब सुभेदार कसा होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असायला हवं, पण पलटणीत निम्मे लोक ऐकीव गोष्टींवरच चालतात. तुमचं आर्मी सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन हवं, मॅप रीडिंगची परीक्षा हवी, प्रमोशन कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, पास हवं. मेडिकल शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, हवं. कागदपत्रांत रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, नको. सीनियॉरिटीप्रमाणे नंबर आला की बोर्ड तुमचे गेल्या पाच वर्षांचे सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, उघडतं. त्यातले किती कुठल्या दर्जाचे हवेत आणि किती काळ रेजिमेंटल ड्यूटीवर असायला हवं, हे पॉलिसी लेटरमध्ये लिहिलेलं असतं. ते हेडक्लार्ककडून मागून घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. लंगरमध्ये बसून ऐकू नका. या सगळ्यात बी.ए.ला जागा कुठे आहे? नाही. तुमचा तो नाईक उद्या एम.ए. झाला तरी त्याला तुमच्या डोक्यावरून उडी मारता येत नाही. आधी त्याला हवालदार व्हायचंय, आणि त्या कॅडरमध्ये इतिहासाचा पेपर नसतो.

मेहुण्यांचा व्हिडिओ खोटा नाही. अमेरिकी सैन्यात सार्जंट होताना नागरी शिक्षणाला प्रमोशन पॉइंट मिळतात, हे खरं आहे. तिथली पद्धत वेगळी, नेमणुकीचा हिशेब वेगळा. तुमची फाइल जाते बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला. मेहुणे मंडळींना आपल्या नोकरीबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळतं हा अनुभव मलाही आहे, त्यामुळे वाद घालू नका.

मग अनुभव कुठे मोजला जातो? मोजला जातो तो त्याच सीआरमध्ये. आणि इथेच तुमच्यासारख्या चांगल्या हवालदारांची गाडी अडते. सीआर कंपनी कमांडर लिहितो. तो तुमच्याहून लहान असेल, पलटणीत नवा असेल, तुमच्या ग्लेशियरच्या रात्री त्याने पाहिलेल्या नाहीत. तुम्हाला येतं ते त्याला दिसायला हवं. १६ वर्षं झाली हे त्याला तुमच्या पेबुकातही दिसतं. त्या वर्षांचं तुम्ही काय केलंत ते त्याला तुमच्या सेक्शनच्या पोरांकडे बघून कळतं.

एक प्रसंग सांगतो. एक्सरसाइज चालू होती, उजाड टेकड्यांचा मुलूख. माझ्याकडे मॅप रीडिंगचा वर्ग, त्यात एक पदवीधर शिपाई आणि माण तालुक्यातला एक जुना नाईक. मी विचारलं, आपण आत्ता कुठे आहोत ते सांगा. शिपायाने प्रिझमॅटिक कंपास काढला, दूरच्या देवळाच्या कळसावर आणि पाण्याच्या टाकीवर बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घेतलं, जीएम अँगल (नकाशाची उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला फरक) लावला, बॅक बेअरिंग, म्हणजे उलटा कोन, काढलं, नकाशावर दोन रेघा मारल्या आणि त्या जिथे छेदल्या तिथे पेन्सिल टेकवली. गणित शंभर टक्के बरोबर. फक्त त्याने ज्या देवळावर नेम धरला ते नकाशावरचं देऊळ नव्हतंच, त्याच्या पलीकडच्या वाडीतलं होतं. आम्ही होतो तिथून त्याची पेन्सिल चांगली मैलभर लांब. नाईकाने कंपासला हातही लावला नाही. नकाशा जमिनीवर ठेवला, समोरच्या डोंगराशी जुळेल असा फिरवला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "ही सोंड खाली उतरते, तिच्या बुडाशी नाला वळतो, त्या वळणावर आपण." अगदी नेमकं. वर्ग हसला, पदवीधर पोरगं लाल झालं.

मी नाईकाच्या हातात रेडिओ सेट दिला. म्हटलं, आता समज की त्या समोरच्या खिंडीत दुश्मन आहे आणि तुला तोफखान्याकडून फायर मागायचंय. बोल. नाईक म्हणाला, "सोंडेच्या खाली नाल्याचं वळण आहे, त्याच्या समोरची खिंड." मी विचारलं, कुठली सोंड? तो म्हणाला, "ही काय." त्या बाजूला बसलेल्या तोफखानेवाल्याला 'ही काय' दिसत नाही. त्याला सिक्स फिगर ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारा सहा आकडी नंबर, लागतो. नाईकाने बऱ्याच वेळाने तो काढला, पण ईस्टिंगच्या (पूर्वेकडच्या आकड्यांच्या) आधी नॉर्दिंग (उत्तरेकडचे आकडे) वाचलं. खऱ्या लढाईत गोळे भलत्याच डोंगरावर पडले असते. मग कोणी हसलं नाही. मी त्या दोघांना उरलेल्या एक्सरसाइजभर एका जोडीत ठेवलं. एक जमीन वाचायचा, दुसरा आकडे, आणि संध्याकाळी उलट. शेवटी दोघांनाही दोन्ही यायला लागलं. नाईक पुढे सुभेदार झाला. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला उपयोगी पडेल अशा शब्दांत आणि आकड्यांत मांडायची सवय त्याला तिथे लागली, आणि कंपनी कमांडरच्या नजरेत तो तेव्हापासून भरला, असं मला वाटतं.

आता तुमचे लेफ्टनंट साहेब. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण मनात तीच आहे. भाऊ, एक समजून घ्या. ते बी.टेक. आहेत म्हणून तुम्हाला ऑर्डर देत नाहीत. डिग्री हे त्यांच्यासाठी परीक्षेच्या हॉलचं तिकीट होतं. खडकवासल्याला एनडीएतून बाहेर पडणाऱ्या कॅडेटला जेएनयूची पदवी मिळते, पण पदवीवर कोणाच्या खांद्यावर तारे चढत नाहीत. एसएसबीने, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या मंडळाने, निवडलं, अकादमीने घासलं, म्हणून चढले. आणि त्यांचं घासणं संपलेलंही नाही. पुढे बढतीच्या पार्ट बी, पार्ट डी या परीक्षा, तामिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची स्पर्धा, आणि कर्नलच्या सिलेक्शन बोर्डात पुन्हा सगळं येऊन ठेपतं ते सीआरवर. बरेचसे चांगले मेजर आणि लेफ्टनंट कर्नल तिथेच थांबतात. जनरल मनोज नरवणे यांच्याकडे एम.फिल. होती हे खरं, पण लष्करप्रमुख निवडताना कोणी त्यांची एम.फिल. तपासली असेल असं मला वाटत नाही.

उलट बाजूही बघा. ४ जुलै १९९९ च्या सुमारास टायगर हिलच्या कड्यावर दोरीने चढून गोळ्या झेलत पहिले बंकर घेणारे योगेंद्रसिंग यादव तेव्हा १९ वर्षांचे ग्रेनेडियर होते. नोकरी अडीच वर्षांची. ना डिग्री, ना तुमच्या आमच्यासारखा अनुभव. त्यांना परमवीर चक्र मिळालं. वर्षं मोजून अनुभव ठरवायचा तर हा माणूस कुठल्या रकान्यात बसवाल?

तुम्ही ग्लेशियर केलंय म्हणून बाना टॉपची गोष्ट तुम्हाला सांगायला नको, पण ती आता थोडी वेगळ्या अंगाने बघा. १९८७ मध्ये ६,५०० मीटरच्या जवळपास असलेल्या त्या शिखरावर पाकिस्तानची कायद पोस्ट होती. आधी मे महिन्यात सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांची गस्ती तुकडी वर गेली. अगदी तरुण पोरगा. त्यांनी बर्फाच्या उभ्या भिंतीवर दोर लावले, वाट शोधली आणि जवळजवळ सगळी तुकडी तिथेच कामी आली, तेही. महिन्याभराने मेजर वरिंदर सिंग यांच्या टास्क फोर्समधले नायब सुभेदार बाना सिंग चार जवानांना घेऊन निघाले आणि २६ जूनला पोस्ट घेतली. त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन राजीव, आणि शिखराचं नाव बाना टॉप. बाना सिंग तेव्हा ३८ वर्षांचे होते, म्हणजे तुमच्यापेक्षा थोडे मोठे. पुढे ऑनररी कॅप्टन झाले. ती पोस्ट घेण्यात सेकंड लेफ्टनंटचा वाटा किती आणि नायब सुभेदाराचा किती, असा हिशेब त्या पलटणीत कोणी घातला असेल तर मला नवल वाटेल.

म्हणून "उस्ताद, तुम्ही सांगा" याचा अर्थ. ती चेष्टा नाही. २३ वर्षांचा ऑफिसर हवालदाराला सगळ्यांसमोर असं विचारतो तेव्हा तो चांगल्या संस्कारात वाढलेला ऑफिसर आहे. वाईट ऑफिसर विचारत नाही. तो विचारेल तेव्हा "जैसा आप बोले साब" म्हणून हात झटकू नका. दोन वाक्यांत सांगा: कुठून जायचं, का, आणि काय बिघडू शकतं. नकाशावर बोट ठेवून सांगा, तेच बोट ज्याचा तुम्हाला राग येतो. हाच माणूस उद्या कंपनी सांभाळताना तुमचा सीआर लिहू शकतो, हे मी वेगळं सांगायला नको, पण त्यासाठी करा असंही म्हणत नाही.

वर्दीतून खालून वर जाण्याचा रस्ता तुमच्या सीओ साहेबांनी काढलेला नाही. इंग्रजांच्या काळात २५ वर्षं नोकरी झालेल्या सुभेदाराला विशीतल्या इंग्रज सेकंड लेफ्टनंटला सलाम ठोकावा लागायचा, आणि त्यापुढे दार बंद. ते दार हळूहळू उघडलं. १९२९ मध्ये नौगाँवला किचनर कॉलेज निघालं ते फौजेतल्या पोरांना ऑफिसर होण्यासाठी तयार करायला. १९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत ४० कॅडेट होते: १५ खुल्या परीक्षेतून, १५ थेट फौजेच्या रांगेतून, १० संस्थानी सैन्यांतून. त्याच तुकडीतले तिघे पुढे तीन देशांचे सेनापती झाले. सॅम माणेकशा सगळ्यांना माहीत आहेत. बाकी दोघं, पाकिस्तानचे मोहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशचे स्मिथ डन, रांगेतूनच आले होते. नौगाँवच्या त्या कॉलेजातूनच पुढे आर्मी कॅडेट कॉलेज झालं, जे नंतर पुण्यात होतं आणि १९७७ मध्ये डेहराडूनला हललं. होशियार सिंग जाट रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून भरती झाले, १९६३ मध्ये ग्रेनेडियर्समध्ये कमिशन मिळालं आणि ७१ च्या डिसेंबरात बसंतरच्या लढाईत मेजर म्हणून परमवीर चक्र, तेही जिवंतपणी.

आर्मी कॅडेट कॉलेजचं दार तुमच्यासाठी बंद झालंय, त्याला वयाची अट २७. एससीओ म्हणजे स्पेशल कमिशन्ड ऑफिसरसाठी २८ ते ३५, आणि शिक्षण बारावी. म्हणजे तुमच्याकडे लागतो तो कागद आधीच आहे. डिग्री नाही म्हणून तुम्ही खाली राहिलात, हे मेहुण्यांचं म्हणणं इथेच कोसळतं. तुम्ही खाली राहिला असाल तर फॉर्म भरला नाही म्हणून. सीओ स्वतःहून फॉर्म भर म्हणतो, याला पलटणीत काय किंमत असते ते तुम्हाला कळायला हवं. त्यांच्या शिफारशीशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही, आणि शिफारस उधळत फिरणारे सीओ मी तरी फारसे पाहिले नाहीत.

पण जाण्याआधी दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून बघा. पहिली एसएसबी. पाच दिवस असतात आणि तिथे ग्लेशियरचं टेन्युअर कोणी विचारत नाही. एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावतात, अशी अकरा, आणि बारावं चित्र कोरं. मग एकेक शब्द १५ सेकंद पडद्यावर, मनात येईल ते वाक्य लिहायचं, असे ६०. आपली पोरं इथे काय करतात? कोचिंगच्या पुस्तकातली पाठ केलेली गोष्ट लिहितात. चित्रात गुरं चारणारा माणूस असला तरी तो शेवटी गावात दवाखाना काढतो आणि सरपंच त्याचा सत्कार करतो. तपासणाऱ्याने अशा हजार वाचलेल्या असतात. तुमच्याकडे खऱ्या गोष्टी आहेत. रेशनचा खेचरांचा तांडा अडला तेव्हा काय केलं, नवीन पोरगं रात्री पोस्टवर घाबरलं तेव्हा काय केलं. त्यातून लिहा, साध्या भाषेत. ग्राउंडवरच्या ग्रुप टास्कला हवालदारांची दुसरी खोड बाहेर येते. एक तर ते कोणी ऑर्डर देईल म्हणून थांबतात, नाहीतर ड्रिल उस्तादासारखे ओरडायला लागतात. तिथे तुमच्या बरोबरचे सगळे एकाच दर्जाचे असतात, चेस्ट नंबर लावलेले. फळी आणि दोर घेऊन पुढे व्हा, कल्पना सांगा, दुसऱ्याची बरी वाटली तर तीच उचला. इंग्रजीची धास्ती घेऊ नका, पण रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वाचायला आजच सुरुवात करा. यात तो बी.ए.वाला नाईक तुमच्या कामाला येईल. त्याला सांगा, तो खूश होईल.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. तुम्ही निवडून आलात, ट्रेनिंग झालं, तर छत्तिशीत तुमच्या खांद्यावर तारे चढतील आणि तुमचा कंपनी कमांडर तुमच्याहून सहा-सात वर्षांनी लहान असेल. आज ज्याचा राग येतो तेच, फक्त एक पायरी वर. आत्ताच्या पलटणीत परत याल याची खात्री धरू नका. ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलात ते सलाम ठोकतील आणि अंतर राखून बोलतील. सुभेदार मेजर साहेबांच्या शेजारी बसून बडा खाना जेवण्याचं सुख ज्याला हवं आहे त्याने हे करू नये. पलटणीचा एसएम होणं ही कमी दर्जाची महत्त्वाकांक्षा नाही. बऱ्याच कर्नलांपेक्षा त्याचा शब्द पलटणीत जास्त चालतो. तुम्हाला तेच हवं असेल तर फॉर्म भरू नका आणि तसं सीओ साहेबांना सरळ सांगा. मला मात्र तुमच्या पत्रातून तुम्ही अस्वस्थ वाटता. ज्याला सुभेदारीत सुख असतं तो लेफ्टनंटच्या बोटाकडे इतकं बघत नाही. म्हणून म्हणतो, भरा.

पैशाचं बोलायला आपण लाजतो, पण घरी ते बोलावं लागणार. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे हवालदाराची मूळ वेतनश्रेणी २९,२०० पासून, नायब सुभेदाराची ३५,४०० पासून, लेफ्टनंटची ५६,१०० पासून. मिलिटरी सर्व्हिस पे तुम्हाला आज ५,२०० मिळतो, ऑफिसरला १५,५००. हवालदार म्हणून नोकरी २४ वर्षं, मुदतवाढीच्या स्क्रीनिंगमधून निघालात तर आणखी २. म्हणजे बेचाळीस-चव्वेचाळिशीत घरी, पोरांची कॉलेजं ऐन सुरू होत असताना. ऑफिसर म्हणून पन्नाशीच्या पुढेपर्यंत नोकरी. हे आकडे वहिनींसमोर ठेवा. "घरी या" असं त्या म्हणतात ते बरोबरच आहे, त्यांनी सोळा वर्षं एकटीने काढली. पण घरी आल्यावर काय करायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवलेलं दिसत नाही. सातारा-कोरेगावच्या बाजूला लवकर पेन्शन घेऊन आलेले आणि मग बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिलेले कितीतरी ओळखीचे आहेत. ते काम हलकं नाही, पण त्यांच्यातल्या कोणी ते आधी ठरवून घेतलेलं नव्हतं.

इथे बी.ए. येते. १५ वर्षं नोकरी झालेल्या मॅट्रिक पास माजी सैनिकाला केंद्राच्या गट क पदांसाठी, जिथे पदवीची अट आहे तिथेही, पदवीधराच्या बरोबरीने धरतात. ही सवलत तुम्हाला मिळेल. पण ती तेवढ्यापुरतीच. त्यावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही, बी.एड. करून शिक्षक होता येत नाही, स्पर्धा परीक्षेत वरच्या पदांकडे बघता येत नाही, आणि खासगी कंपनीचा एचआरवाला ते सर्टिफिकेट उलटंपालटं करून बाजूला ठेवतो. म्हणून खरी डिग्री घ्या. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, मराठीतून शिकता येतं. इग्नू आहे. दोन्हीकडे फी फौजीला परवडेल अशी आणि परीक्षा सुट्टीशी जुळवता येतात. युनिटची परवानगी घेऊनच नाव घाला. तुमच्या नाईकाने परवानगी घेतली आहे का, तेही विचारा. सेक्शन कमांडर आहात ना?

आणि एक सावधगिरी. छावणीच्या बाहेर असे लोक फिरतात जे "तीन वर्षांची डिग्री तीन महिन्यांत, मागच्या तारखेची" विकतात, आणि फौजी हे त्यांचं आवडतं गिऱ्हाईक, कारण आपल्याला वेळ नसतो आणि आपण पावती मागत नाही. विद्यापीठाकडून पडताळणी होते. खोटी निघाली तर वीस वर्षांच्या स्वच्छ शीटवर रेड इंक, आणि पेन्शनच्या तोंडावर चौकशी. मी असा एक चांगला हवालदार बरबाद झालेला पाहिला आहे, त्यापलीकडे त्याच्याबद्दल लिहिणार नाही.

बी.ए. झाली की मार्कशीट ट्रंकेत ठेवू नका. क्लार्ककडे जाऊन पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधली अधिकृत नोंद, करून घ्या, नाहीतर रेकॉर्डमध्ये तुम्ही आयुष्यभर बारावी पासच राहाल आणि डिस्चार्ज बुकातही तेच छापून येईल. आणि त्याच खेपेला एससीओच्या चालू जाहिरातीतली वयाची कट-ऑफ तारीख बघा. ३५ कुठल्या दिवशी पूर्ण असायला नको, हे त्या पत्रात लिहिलेलं असतं. तुमची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि सर्व्हिस बुकात दुसरी नाही ना, तेही तिथेच ताडून घ्या. खटावच्या बाजूला १ जूनला जन्मलेली पोरं फार असतात.